थर्मास खाली ठेवायचा नाही

सगळ्यात आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. क्लबातल्या खेळाच्या पडद्यावर सर्वात वरच्या मजल्यावर उभा राहून खाली कुंड्या फेकणारा जो टकला, ढेरपोट्या माणूस दिसतो, तो मी आहे. हे मी खुशीने केलेलं नाही. क्लबच्या सभेत तसा ठराव झाला, सात विरुद्ध एक, आणि तो एक म्हणजे मीच. तेव्हापासून उरुग्वेतल्या आमच्या ला तेहा वस्तीत मला कुणी हेबेर म्हणत नाही. बेकरीत पाऊल टाकलं की मागून आवाज येतो, "डोकी सांभाळा रे, कुंडीवाला आला!" मी न ऐकल्यासारखं करून पाव घेतो.

हे सगळं सुरू होण्याआधी मी एक सभ्य सरकारी नोकर होतो. पाण्याच्या मीटरच्या तक्रारी ज्या खिडकीवर घेतात, त्या खिडकीच्या आत बसणारा. पंचवीस वर्षांत माझ्यावर कुणी हसलं नाही. चिडले बरेच, पण हसलं कुणी नाही.

तर मुद्दा माझ्या मेव्हण्याचा. मिल्टन, म्हणजे माझ्या बायकोचा, निबियाचा, थोरला भाऊ, गेल्या मार्चमध्ये अर्धांगवायू होऊन स्वयंपाकघरात उभ्या उभ्या कोसळला. जीव वाचला, बोलणं परत आलं, काठी टेकत चालायलाही लागला. डावा हात मात्र कोपरात दुमडून छातीशी जो चिकटला, तो चिकटलाच. डॉक्टर म्हणाले, "माणसांत मिसळा." मिल्टनने खिडकीशी खुर्ची लावली आणि रस्त्याकडे पाठ करून बसला.

आता इथे तुंब्याचं सांगितलं पाहिजे. आमच्याकडे चार माणसं बसली की येर्बा नावाच्या पाल्याचा कडू काढा आलाच, आणि तो प्यायचा तुंबा सगळ्यांत मिळून एकच. ओतणाराही एकच. तो थर्मासमधलं गरम पाणी तुंब्यात ओततो, एकाला देतो, तो नळीने पितो, तुंबा परत करतो, मग पुढच्याची पाळी. हे तासन् तास चालतं. फक्त परत देताना 'ग्रासियास' म्हणायचं नाही. तसा त्याचा अर्थ आभारी आहे, पण तुंबा परत देताना म्हटलंत की त्याचा अर्थ, पुरे, मला आता नको. चांगल्या वळणाच्या परदेशी पाहुण्यांचे इथे फार हाल होतात. पहिल्याच घोटाला आभार मानतात आणि मग तुंबा आपल्याला वगळून का फिरतोय, हे तासभर बघत बसतात.

मिल्टन पूर्वी दोन दोन थर्मास रिकामे करायचा, पण तो शब्द त्याच्या तोंडून निघत नसे. आजारपणानंतर पहिल्याच तुंब्याला म्हणायला लागला. निबिया रोज चार वाजता त्याच्याकडे जायची आणि दहा मिनिटांत परत यायची. एके दिवशी तिने थर्मास टेबलावर आदळला.

"आज तुंबा हातात घ्यायच्या आधीच म्हणाला," ती म्हणाली.

"काय म्हणाला?"

"ग्रासियास. हेबेर, माझ्या भावाने जगायचं सोडलंय."

आणि ती माझ्याकडे पाठ करून नळाखाली तुंबा धूत राहिली. धुऊन झाला तरी धूतच राहिली. नळ वाहत होता, मी पाणीखात्याचा माणूस, तरी मी तो बंद केला नाही. मग उगाच, काहीतरी बोलायला हवं म्हणून, माझ्या तोंडून निघून गेलं, "मी मांजर परत आणतो."

मांजर म्हणजे क्लबातलं यंत्र. सत्त्याऐंशी साली आमच्या एल फारो क्लबात, संडासाच्या दाराशेजारी, नाणं टाकून खेळायचं एक यंत्र आलं होतं. नाव जपानी अक्षरांत होतं, त्यामुळे ते कुणालाच कधी कळलं नाही. पाच मजली इमारत, गच्चीवर अडकलेलं मांजर, शिड्या चढत जाणारा एक माणूस, आणि वरून त्याच्या डोक्यात कुंड्या घालणारी एक बाई. बस्स. पण आमची अख्खी तरुणाई त्या शिड्यांवर गेली. यंत्र बंद पडून भंगारात गेलं त्या दिवशी पडद्यावर दोन नावं होती. पहिलं मिल्टन, अठ्ठेचाळीस हजार दोनशे. दुसरं मी, अठ्ठेचाळीस हजार एकशे साठ. चाळीस गुण! माझं लग्न ठरलं तेव्हा मिल्टनने सगळ्यांसमोर माझी ओळख करून दिली होती, "हे आमचे मेव्हणे, चाळीस कमी." त्या चाळीस गुणांबरोबर मी एवढी वर्षं संसार केला आहे.

माझा हिशेब साधा होता. तोच खेळ मी नव्याने करीन, क्लबात ठेवीन, पहिलं नाव माझं लावीन, आणि मिल्टन ते खोडायला घरातून बाहेर पडेल. माणूस प्रेमाने हलत नाही, पण चिडला की हलतो. खिडकीमागे बसून एवढं तर शिकलो होतो.

संगणकावर खेळ कसा करतात हे इंटरनेटवर फुकट शिकवणारे लोक असतात. मला मेक्सिकोतला एक गृहस्थ मिळाला. तो दर दोन वाक्यांनी "बघा, किती सोपं आहे" म्हणायचा. महिनाभरात मी त्याचा इतका द्वेष करू लागलो की निबियाने मला दुसऱ्या खोलीत बसवलं. पण पडद्यावरचा माणूस चालू लागला. आधी उलटा चालला, मग भिंतीतून चालला, आणि एका मंगळवारी संध्याकाळी तो शिडी चढला. मी खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवल्या. पन्नाशी उलटलेल्या माणसाने एकट्याने टाळ्या वाजवणं बरं दिसत नाही, पण वाजवल्या.

इथे मी गप्प बसलो असतो तर ही गोष्ट इथेच संपली असती. मी तो क्लबात दाखवायला नेला.

विल्मार म्हणजे आमच्या क्लबचा अध्यक्ष. त्याने चष्मा चढवला, पडद्याजवळ गेला, मागे आला आणि म्हणाला, "हा माणूस इथला नाही."

"जपानी होता. मूळचा."

"तेच म्हणतोय. याचा थर्मास कुठंय?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. खरंच, उरुग्वेचा माणूस घराबाहेर पडलाय आणि डाव्या काखेत थर्मास नाही? घरी जाऊन मी चित्रातल्या माणसाच्या काखेत थर्मास काढला. तर माणूस शिडी चढेना! शिडीला दोन हात लागतात आणि डावा हात अडकलेला. दोन्ही हात लावले की थर्मास दर पायरीला खाली पडे. मी क्लबात सुचवलं, "चढताना त्याने थर्मास खाली ठेवला तर?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग विल्मार शांतपणे म्हणाला, "हेबेर, घरी सगळं ठीक आहे ना? तू स्वतः कधी ठेवलायस? रस्त्यात? खाली?"

शेवटी डावा हात दुमडून छातीशी घट्ट, काखेत थर्मास, आणि उजव्या एका हाताने शिडी चढायची, असा माणूस बसवला. तीन आठवडे गेले. चढताना तो जरासा एका अंगावर कलायचा, ते काही मला सरळ करता आलं नाही.

मग एलिदाबाई. बेकरीवाल्या. त्यांनी वरची कुंड्यावाली बघितली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"ही मी आहे," त्या म्हणाल्या.

"अहो नाही, ही जुन्या खेळातली बाई."

"हिरवा गाऊन आहे तिचा. माझा हिरवा गाऊन आहे. चाळीस वर्षं पहाटे उठून तुम्हाला पाव खायला घातला, हेबेर, आणि तुम्ही माझ्या हातात कुंडी देता?"

मी गाऊन निळा केला. तर क्लबच्या खजिनदाराची बायको निळा घालते. मिशा लावून बाईचा बाप्या केला, तर विल्मारला मिशा. सबंध वस्तीत कुणालाच वाईट माणूस व्हायचं नव्हतं. तेव्हाच तो सात विरुद्ध एक ठराव झाला. "तू रागावणार नाहीस," विल्मार म्हणाला, "तू समजूतदार आहेस." समजूतदार माणसाचं टक्कल काढायला चित्रात फक्त चार ठिपके लागतात, हे मला त्या दिवशी कळलं.

एवढं झाल्यावर मी संगणक आणि खेळायचा दांडा पिशवीत घालून मिल्टनकडे गेलो. निबिया बरोबर होती. मी सगळं टेबलावर मांडलं, मोठ्या ऐटीत म्हणालो, "काय मेव्हणे, ओळखलंत का मांजर?"

मिल्टन वळला. पडद्याकडे पाहिलं आणि खरं सांगतो, क्षणभर तो माणूस अठरा वर्षांचा झाला. मग त्याने खाली पाहिलं. डाव्या हाताला दांडा, उजव्या हाताला उडीचं बटण, अगदी जुन्या यंत्रावर होतं तसं. मी ते हुबेहूब जमवलं होतं, मला त्याचा अभिमान होता. मिल्टनने स्वतःच्या डाव्या हाताकडे पाहिलं.

"ग्रासियास," तो म्हणाला, आणि त्याने तोंड फिरवलं. तिथे तर तुंबासुद्धा नव्हता.

परतताना निबिया माझ्यापुढे भराभर चालत होती. मग थांबली. "हेबेर, त्याला हात किती आहेत?"

पाच महिने मी त्याच्यासाठी खपत होतो आणि पाच महिन्यांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. थर्मासची काळजी वाहिली, गाऊनच्या रंगाची वाहिली, ज्याच्यासाठी चाललं होतं त्याचा हात विसरलो. मी म्हणालो, "मी त्याच्यापुरता सोपा करून देतो. उडी आपोआप."

"आणि तो काठी फेकून मारेल तुला. त्याला लुळ्याचा वेगळा खेळ नकोय. दयाच हवी असती तर माझ्या हातचा तुंबा घेतला असता त्याने."

मी संगणक कपाटावर ठेवून दिला. माझ्या मते प्रकरण संपलं होतं. पण विल्मारने परस्पर, शहरभर जुना ठेवा लोकांसमोर मांडतात त्या ऑक्टोबरच्या वारसा दिवसाला क्लबतर्फे आमचा खेळ लावायचं ठरवून टाकलं होतं आणि कार्यकारिणी तो तपासायला जमली. गेलो. काय करणार.

कार्यकारिणी उभी होती. मी सोडून सात माणसं, सातही जणांच्या डाव्या काखेत थर्मास. ज्याची ओतायची पाळी होती त्याच्या डाव्या मुठीत तुंबा, बाकीच्यांच्या मुठी सवयीने तशाच वळलेल्या. विल्मार पुढे झाला, उजव्या हाताने बटण दाबलं आणि दांड्याकडे बघत राहिला.

"हा कशाने धरायचा?"

"डाव्या हाताने."

"डाव्या हाताने काय? हेबेर, दोन्ही हात मोकळे असलेला माणूस तू ला तेहात शेवटचा कधी बघितलास?"

"पूर्वी आपण खेळायचोच की!"

"पूर्वी आपल्याला थर्मास कोण देत होतं? तेव्हा बापाचा असायचा. ते काही नाही. हा खेळ एका हाताने खेळता आला पाहिजे. सगळ्यांना. नाहीतर क्लबात नको."

मी भांडायला तोंड उघडलं. माझ्या पाच महिन्यांच्या कष्टांबद्दल एक चांगलं वाक्य तयारही होतं. आणि तोंड उघडं असतानाच माझ्या डोक्यात उजेड पडला. एका हाताने. सगळ्यांना. म्हणजे कुणा एकासाठी वेगळा नव्हे! मी त्या सात दुमडलेल्या डाव्या हातांकडे पाहिलं आणि मला रडू येईल की काय असं वाटलं.

"ठराव मांडा," मी म्हणालो. सगळ्यात आधी हात मी वर केला. आठ विरुद्ध शून्य. क्लबच्या इतिहासात असं पूर्वी एकदाच झालं होतं, भिंतींना रंग द्यायचा नाही असं ठरलं तेव्हा.

उडीचं बटण मी दांड्याच्याच टोकावर, अंगठ्याखाली आणलं. आता अडचण एकच उरली होती, नोंदणीची. वारसा दिवसात भाग घ्यायचा तर कलाकृतीची नोंद हवी. मी नोंदणी कचेरीत गेलो आणि आयुष्यात प्रथम खिडकीच्या बाहेर उभा राहिलो. आतली बाई माझ्याहून अनुभवी होती, हे तिच्या पहिल्याच सुस्काऱ्यावरून कळलं.

"मूळ कृतीचं नाव?"

"मांजर. म्हणजे आम्ही म्हणायचो. खरं नाव जपानीत होतं."

"कर्ता?"

"माहीत नाही."

"मग त्यांची परवानगी जोडा."

"ते कोण हेच माहीत नाही."

"तर ते अज्ञात असल्याचं त्यांच्याकडून लेखी आणा."

मी मनातल्या मनात तिला सलाम केला. पंचवीस वर्षांत इतकं सुंदर वाक्य मला सुचलं नव्हतं. पण माझा चेहरा बहुधा फारच पडला असावा, कारण तिने पेन खाली ठेवलं.

"हे कुठलं मांजर? पाच मजली? चौथ्या मजल्यावर दोन कुंड्या एकदम यायच्या, ते?"

"तेच!"

"आमच्या पासो मोलिनोच्या बारमध्ये होतं. मला चौथा मजला कधीच पार झाला नाही. काय करायचं असतं हो तिथे?"

"एक पाऊल मागे यायचं. पुढे पळायचं नाही. माझ्या मेव्हण्याने शोधून काढलं होतं."

"मागे!" ती स्वतःशीच म्हणाली. "एवढंच होतं?" मग तिने शिक्का उचलला. "कर्ता अज्ञात, पिढीजात तोंडी प्रसार, स्थानिक बदल. ही लोककला झाली. लोककलेला परवानगी लागत नाही. उद्या या. आज शाई संपलीये."

वारसा दिवशी, रविवारी दुपारी, क्लब भरला होता. यादीत सर्वात वर माझं नाव झळकत होतं, एकतीस हजार सहाशे. निबियाच्या हाती मी मुद्दाम निरोप पाठवला होता, की हेबेर सगळ्यांना सांगत सुटलाय, मिल्टनचे ते चाळीस गुण खरे नव्हतेच, माझा दांडा अडकत होता. असं खोटं मी आयुष्यात बोललो नव्हतो. वाट बघत बसलो. तीन वाजले. साडेतीन वाजले. एलिदाबाई दोनदा खेळल्या आणि दोन्ही वेळा माझ्याच कुंडीखाली मेल्या, तरी मला बिस्किटं दिली. म्हणजे माझी अवस्था दिसत असणार.

पावणेचारला दारात काठीचा आवाज झाला.

"कोण म्हणतं दांडा अडकत होता?"

मिल्टन. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, मागे निबिया. लोकांनी वाट करून दिली, आणि ही मंडळी एरवी दुसऱ्याला ग्लास उचलता यावा म्हणून हातही बाजूला करत नाहीत. तो संगणकापाशी आला, पडद्यावरच्या माणसाकडे बघत राहिला. आणि त्याचा चेहरा बदलत गेला. डावा हात कोपरात दुमडलेला, छातीशी घट्ट. चढताना एका अंगावर कललेला.

"हा मी आहे का?" त्याने हळूच विचारलं.

देवाशपथ, माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं! "नाही रे! थर्मास आहे तो. नीट बघ. काखेत थर्मास आहे. म्हणून एका हाताने चढतो. विल्मारला विचार!"

"थर्मासच आहे," विल्मार घाईघाईने म्हणाला. "ठराव आहे तसा."

मिल्टनने मान वर केली. विल्मारकडे पाहिलं, खजिनदाराकडे पाहिलं, भिंतीपाशी उभ्या असलेल्यांकडे पाहिलं. सगळ्यांचे डावे हात दुमडलेले, छातीशी घट्ट. तो एकेकाला बघत सगळ्या क्लबवरून नजर फिरवून माझ्यापाशी आला.

"अरे," तो म्हणाला, "सगळ्यांनाच झालाय की!"

आणि हसला. आधी नुसता खांदा हलला, मग आवाज आला. निबियाने तोंडावर हात धरला. विल्मारला हसावं की नाही कळेना, मग तोही सुटला, आणि मग सगळेच.

"आणि वरचा तो टकला कोण?"

"तुझा मेव्हणा," विल्मार म्हणाला.

"तरीच. नेम लागत नाही त्याचा." त्याने काठी मला धरायला दिली आणि उजव्या हाताने दांडा पकडला.

पहिल्या खेळात दुसऱ्या मजल्यावर गेला. दुसऱ्यात तिसऱ्यावर. तिसऱ्या खेळाला चौथा मजला आला, दोन कुंड्या एकदम सुटल्या, आणि सगळा क्लब श्वास रोखून असताना पडद्यावरच्या माणसाने एक पाऊल मागे घेतलं. कुंड्या समोर फुटल्या. एलिदाबाई ओरडल्या, "मागे! मागे यायचं होतं होय!"

एकोणीस हजार. माझ्यापेक्षा खूप कमी. मी दिलदारपणे काहीतरी बोलणार, तेवढ्यात विल्मारने थर्मास माझ्या काखेत खुपसला, कारण ओतायची पाळी माझी होती. मी मिल्टनची काठी भिंतीला टेकवली, तुंबा भरला आणि मिल्टनपुढे धरला. त्याने दांडा सोडला, तुंबा घेतला, पडद्यावरची नजर न काढता नळी ओढली. शेवटच्या घोटाचा खरखर आवाज झाला. निबिया माझ्याशेजारी उभी होती आणि तिने माझी बाही धरली होती. मीही त्या एका शब्दाची वाट पाहत होतो. एवढ्या माणसांत तो शब्द आता आला असता, तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही.

मिल्टनने तुंबा माझ्याकडे परत दिला. काही बोलला नाही. दांडा धरला आणि चौथा खेळ सुरू केला.

तुंबा घेऊन मी तसाच उभा राहिलो.

"काय मेव्हणे," तो पडद्याकडे बघतच म्हणाला, "झोपलात का? भरा."

मी भरला. निम्मं पाणी माझ्या बुटावर सांडलं, आणि थर्मास काही मी खाली ठेवला नाही.